'काही नको' म्हणणाऱ्यांना दिवाळीत काय द्यावे?

पहिल्या पगाराची किंवा लग्नानंतरची पहिली दिवाळी जवळ आली की गावाकडच्या मंडळींसाठी काय न्यायचे, हा प्रश्न पहिल्यांदा आपल्या अंगावर येतो. तोवर तो आई-वडिलांचा असतो. फोन करून विचारावे तर आत्या म्हणतात, "काही नको बाबा, सगळं आहे. तू तेवढा ये." काकांचे उत्तर ठरलेले असते, "आम्हाला आता काय करायचंय त्याचं?" मग धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी आपण गर्दीत शिरतो, मिठाईचा डबा, स्टीलचा सेट आणि एक साडी उचलतो आणि गाडी पकडतो. साडी पेटीत जाते, सेट माळ्यावर जातो आणि मिठाई घरातल्या मधुमेह्यांना चुकवत शेजारी वाटली जाते. मी अशा सात-आठ दिवाळ्या घालवल्या आहेत. लातूर, अंबाजोगाई आणि धाराशिवकडच्या माझ्या नातेवाइकांच्या घरांत जे चुकले आणि जे जमले, त्यावरून नव्याने ही जबाबदारी घेणाऱ्यांसाठी पुढील पायऱ्या लिहीत आहे.

पहिली पायरी: 'काही नको' याचा अर्थ लावा

हे दोन शब्द प्रत्येक घरात वेगळ्या अर्थाने उच्चारले जातात आणि अर्थ न लावता केलेली खरेदी बहुधा वाया जाते. मराठवाड्यात साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडी त्याचा पहिला अर्थ 'पैसा मोडू नकोस' असा असतो. आज सत्तरीत असलेली माणसे १९७२ च्या दुष्काळात ऐन तारुण्यात होती. दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेलेले, मिलोच्या म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी आणि मदत म्हणून वाटलेली सुकडी खाल्लेले हे लोक आजही दुकानातली पिशवी घडी घालून गादीखाली ठेवतात. जुनी वस्तू चालत असताना नवी घेणे त्यांना चैन वाटत नाही, चूक वाटते. अशा माणसाला महागडी नवी वस्तू दिली तर ती वापरण्यापेक्षा जपण्याचे काम त्याच्या गळ्यात पडते.

दुसरा अर्थ 'ठेवायला जागा नाही' असा साधा असतो. तिसरा अर्थ जरा आतला आहे आणि नवख्यांच्या तो लक्षात येत नाही. आपल्याकडे लग्नामुंजीत कोणी काय दिले याची वही ठेवली जाते, आणि घेतलेला आहेर कधी ना कधी तोलामोलाने फेडायचा असतो. ज्या मावशींचे उत्पन्न आता मुलाच्या हाती गेले आहे, त्यांना तुमची दोन हजारांची साडी म्हणजे पुढे फेडायचे दोन हजार वाटतात. त्यांच्या 'नको'मध्ये ही काळजी असते. चौथा अर्थ सर्वांत सरळ आहे: वस्तू नको, माणूस हवा.

यांपैकी कोणता अर्थ लागू आहे हे ज्येष्ठांना समोरासमोर विचारून कळत नाही. घरातल्या सुनेला किंवा लेकीला विचारावे. आत्या ज्या गोष्टीबद्दल आपल्याजवळ अवाक्षर काढत नाहीत, त्याच गोष्टीवरून त्या सुनेजवळ दिवसातून तीनदा चिडचिड करत असतात.

दुसरी पायरी: महालक्ष्म्यांपासून कान उघडे ठेवा

दिवाळीच्या भेटीची तयारी भाद्रपदात सुरू करावी, असे माझे मत आहे. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळे एकत्र येतात, स्वयंपाकघर दिवसभर चालू असते आणि घरातली प्रत्येक नादुरुस्त वस्तू त्या दिवशी उघडी पडते. त्या वेळी मदतीच्या निमित्ताने आत शिरावे आणि तक्रारी ऐकाव्यात. कोणी मागणी करत नाही, पण कुरकुर सगळेच करतात.

माझ्या आत्यांच्या स्वयंपाकघरात दोन वर्षांपूर्वी मी असा तासभर बसलो होतो. मिक्सरच्या भांड्याचे झाकण त्या तळहाताने दाबून धरत होत्या, कारण त्याचे रबर गेले होते. चष्म्याची एक दांडी काळ्या दोऱ्याने बांधलेली होती. ओट्यावरचा दिवा त्यांच्या पाठीमागे होता, त्यामुळे चिरताना स्वतःचीच सावली विळीवर पडत होती. ताकाचे पितळी पातेले असूनही ताक प्लास्टिकच्या बरणीत होते, विचारल्यावर म्हणाल्या, "कल्हई गेलीय, ताक कळकतं." सगळे असलेल्या त्या घरात अशी चार कामे तासाभरात सापडली आणि त्यांतले सर्वांत महाग काम चष्म्याचे निघाले.

हे ऐकलेले लगेच फोनमध्ये टिपून ठेवावे. दिवाळीपर्यंत ते आठवत नाही.

तिसरी पायरी: मानपान आणि पाकीट एकदाच ठरवा

खर्चाचा आकडा प्रत्येक माणसासाठी वेगळा न ठरवता घरासाठी ठरवावा. एका आत्यांना जे द्याल त्याची बातमी दुसऱ्या आत्यांपर्यंत भाऊबीजेच्या आत पोहोचते. वस्तू वेगळ्या असल्या तरी चालतात, पण एकीला कापड आणि दुसरीला नुसता डबा असे झाले तर त्याचे पडसाद पुढच्या लग्नापर्यंत ऐकू येतात. नव्या जावयाने आणि नव्या सुनेने ही यादी आधी सासूबाईंना किंवा आईला दाखवावी. पती गेलेल्या आत्या-मावशींना काय चालेल, कोणता रंग आवडेल, हे तर त्यांच्या लेकीलाच विचारावे. त्या बाबतीत स्वतःचे अंदाज बांधू नयेत आणि जुने नियमही गृहीत धरू नयेत.

चौथी पायरी: आधी जुने चालते करा

पैसा मोडण्याला विरोध असणाऱ्यांसाठी दुरुस्ती ही सर्वांत चांगली भेट ठरते, कारण तिच्याबद्दल 'कशाला आणलंस' असे म्हणता येत नाही. त्यातही कल्हईचा मी विशेष आग्रह धरतो.

तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो धातूवर क्रिया करून कळकतो, म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यावा लागतो आणि तो वापराने झिजतो. कल्हईवाले आता गल्लीतून हाळी देत फिरताना क्वचित दिसतात. भांडी बाजारातल्या तांबे-पितळेच्या दुकानदाराला विचारले तर मात्र पत्ता मिळतो, आणि काही आठवडी बाजारांत ते भट्टी लावून बसतात. शक्य असेल तर भांडे देऊन निघून न जाता समोर उभे राहावे. भांडे आधी स्वच्छ घासले जाते, मग भात्याने फुलवलेल्या निखाऱ्यांवर तापवले जाते. तापल्यावर आत नवसागराची चिमूट पडते, पांढरा धूर उठतो, त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवली जाते आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने सर्रकन सगळीकडे फिरवले जाते. काळवंडलेला तळ दोन-तीन श्वासांत चांदीसारखा होतो आणि पातेले पाण्यात बुडवले की चर्र आवाज येतो. कल्हईला शुद्ध कथीलच वापरायला सांगावे. शिसे मिसळलेले कथील स्वस्त पडते, परंतु ते अन्नाच्या भांड्याला अजिबात चालत नाही. भांडे परत देताना दोन सूचनाही द्याव्यात: कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून रिकामे भांडे चुलीवर किंवा गॅसवर ठेवू नये, आणि तारेच्या घासणीने घासू नये.

दुसरी अशी भेट म्हणजे वाकळ. पेटीत पडून असलेल्या जुन्या सुती लुगड्यांची हाताने शिवलेली वाकळ उबेला चांगली असते आणि ती नवी वस्तू म्हणून कोणाला टोचत नाही. मात्र त्यासाठी लुगडी मालकिणीला विचारूनच घ्यावीत. आमच्याकडे एकाने उत्साहाच्या भरात आजींचे जपून ठेवलेले इरकल कापायला दिले होते, आणि ती वाकळ आजही कोणी पांघरत नाही. शिवणाऱ्या बायांना काम दसऱ्याच्या बरेच आधी द्यावे, कारण हाताचे टाके घाईत पडत नाहीत आणि सोयाबीनची काढणी सुरू झाली की त्यांना शिवायला वेळ उरत नाही.

मिक्सरचे रबर, कुकरची शिटी, पंख्याचे कंडेन्सर, दाराची कडी यांसाठी वेगळे मार्गदर्शन नको. जुना नग किंवा त्याचा फोटो सोबत नेला म्हणजे झाले.

पाचवी पायरी: खाण्याचे द्यायचे तर दिशा पाहा

संपणारी वस्तू जागा अडवत नाही आणि वहीतही फारशी चढत नाही. पण ती कोणत्या दिशेने चालली आहे हे पाहावे. ज्यांच्या घरी तूर, हरभरा आणि ज्वारी शेतातून येते, त्यांना शहरातून डाळीचे देखणे पाकीट नेणे हास्यास्पद आहे. मी ते एकदा केले आहे. काकांनी पाकिटावरची किंमत वाचली आणि आपल्या धाब्याच्या खोलीतली पोती दाखवली. गावाकडे नेण्यासाठी काजू, खारीक-बदाम, चांगला चहा, कोकणातली आमसुले अशा, तिथे न पिकणाऱ्या वस्तू घ्याव्यात. उलट पुण्या-मुंबईत राहणाऱ्या 'काही नको'वाल्या मामांना इकडून घाण्यावरचे करडईचे तेल, जवसाची किंवा कारळाची चटणी आणि शाळूची ज्वारी न्यावी. पीठ नेऊ नये, कारण ज्वारीचे पीठ जुने झाले की भाकरी थापताना चिरते आणि चव कडवट होते. दाणे न्यावेत, दळून ते घेतील.

दिवाळीच्या सुमारास सीताफळे असतात आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. ती न्यायची तर डोळे नुकते उघडलेली पण हाताला कडक लागणारी निवडावीत. दोन-तीन दिवसांत ती घरी पिकतात. पिकलेली घेऊन एसटीने निघालात तर उतरताना पिशवीत बासुंदी मिळेल. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात कुंथलगिरीचा खवा आणि पेढा प्रसिद्ध आहे आणि त्या वाटेने येणाऱ्याने तो जरूर आणावा. परंतु खवा उघड्यावर टिकत नाही, तो त्याच दिवशी पोहोचवावा. सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर 'अमुक तारखेपर्यंत खावे' असे लिहिणे १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानदारांवर बंधनकारक आहे, तेव्हा तारीख पाहून, नसल्यास विचारून घ्यावे. घरात कोणाला मधुमेह आहे, कोणाचे दात गेले आहेत, हे आधी माहीत असावे. दात नसलेल्या आबांना चिक्की देणारे नातू मी पाहिले आहेत.

सहावी पायरी: कापड द्यायचेच असेल तर

आपल्याकडे कापडाशिवाय काही घरांत दिवाळी पुरी होत नाही, हे मान्य करावे लागते. तेव्हा माणूस रोज काय नेसतो ते पाहावे. ज्या आजी आयुष्यभर सुती किंवा इरकल नऊवारी नेसल्या, त्यांना हलकी सहावारी उपयोगाची नाही. नऊवारीला सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड लागते आणि दुकानात 'मोठी साडी' म्हणून भलतेच काही पुढे केले जाते, म्हणून मोजून घ्यावे. उतारवयात जड रेशीम अंगावर पेलत नाही. त्याच कारणाने 'काही नको' म्हणणाऱ्यांना पैठणी देऊ नये असे मला वाटते. ती त्यांच्या पेटीत जाते आणि नातीच्या लग्नाची वाट पाहते. तरीही घ्यायची असेल तर पैठणला किंवा खात्रीच्या विणकराकडे जावे आणि काठ-पदर उलटून पाहावा: हातमागाच्या खऱ्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत.

साडीच्या बाबतीत एक युक्ती मला उशिरा कळली. एका दिवाळीत मी मावशींना दिलेली साडी तीन वर्षांनी दुसऱ्या घरून माझ्या पत्नीच्या ओटीत आली; घडीसुद्धा मोडलेली नव्हती. राग येण्यासारखे त्यात काही नाही, आपल्याकडे साड्या अशाच फिरतात. पण ती मावशींनी स्वतः नेसावी अशी इच्छा असेल तर फॉल-बीडिंग करून, सुनेकडून मापाचे जुने ब्लाउज मागवून, नवे शिवूनच द्यावे. फॉल लावलेली साडी आहेरात पुढे जात नाही.

पुरुषमंडळींसाठी टॉवेल-टोपीच्या पुढे विचार करावा. धोतर नेसणाऱ्या अण्णांना त्यांच्या नेहमीच्या दुकानातले त्यांच्या नेहमीच्या पन्ह्याचे धोतर मिळाले की ते काही बोलत नाहीत, आणि पाडव्याला तेच नेसून बसलेले दिसतात.

सोन्या-चांदीबद्दल थोडक्यात: सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासून घ्यावा आणि पक्के बिल द्यायला लावावे.

सातवी पायरी: आरोग्याच्या वस्तू सणाच्या दिवशी देऊ नयेत

काठी, कमोडची खुर्ची, श्रवणयंत्र या वस्तू गरजेच्या असल्या तरी ओवाळणीच्या ताटाशेजारी ठेवल्या तर 'तुम्ही आता म्हातारे झालात' असे सांगितल्यासारखे होते. त्या आठवडाभर आधी किंवा नंतर, गाजावाजा न करता द्याव्यात. न्हाणीघरात धरायला दांडी, पाय न घसरणारी चटई, रात्री वाटेत मंद दिवा ही कामे तर सुट्टीत गेल्यावर स्वतःच मिस्त्री बोलावून करून टाकावीत. विचारत बसलात तर उत्तर 'काही नको' असेच येईल.

रक्तदाबाचे यंत्र घेताना मनगटाऐवजी दंडाला पट्टा बांधायचे घ्यावे, पट्टा त्यांच्या दंडाच्या मापाचा आहे का ते पाहावे आणि पहिल्यांदा डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या यंत्राशी आकडा ताडून घ्यावा. साखर तपासण्याचे यंत्र देताना खरा खर्च पट्ट्यांचा असतो. त्या पट्ट्या तालुक्याच्या औषध दुकानात मिळत नसतील तर यंत्र महिनाभरात निरुपयोगी होते. श्रवणयंत्र कानाची तपासणी केल्याशिवाय कधीही घेऊ नये.

आठवी पायरी: 'तू ये' म्हणणाऱ्यांना दिवस द्या

इथे बहुतेक नवखे कमी पडतात, कारण दिवस बाजारात मिळत नाही. माझ्या आत्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या आहेत. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास राज्यात मोफत आहे, पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्या ज्येष्ठांना निम्मे तिकीट आहे आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही निम्मेच तिकीट आहे. म्हणजे तिकिटासाठी आत्यांचे परळीचे देवदर्शन अडलेले नव्हते. बसस्थानकावर हात धरणारे, पिशवी घेणारे आणि दर तासाला थांबायला न कंटाळणारे कोणी नव्हते. औंढा नागनाथ, परळी वैजनाथ आणि वेरूळचे घृष्णेश्वर ही तीन ज्योतिर्लिंगे, शिवाय तुळजापूर आणि माहूर, हे सगळे मराठवाड्यातच आहे. तरी कित्येक ज्येष्ठांचे त्यांतले एखादे राहून गेलेले असते. कोणते राहिले ते विचारावे आणि तारीख ठरवून सांगावी. घृष्णेश्वराला जाऊन लेणीही पाहायची असतील तर मंगळवार टाळावा, त्या दिवशी वेरूळची लेणी बंद असतात. अजिंठ्याची सोमवारी बंद असतात. दिवाळीच्या सुट्टीत रांगा मोठ्या असतात, म्हणून भेट दिवाळीत जाहीर करून प्रवास कार्तिकी पौर्णिमेनंतर ठेवणे सोयीचे पडते.

आत्यांना माहेरच्या शेतात न्यायचे असेल तर वेळ अमावस्येसारखा दुसरा दिवस नाही. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला, आपल्या बोलीत येळवशीला, सगळे गाव शेतात असते. कडब्याच्या कोपीत पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील आणि उन्हात अंथरलेले घोंगडे. भाऊबीजेला ओवाळणीच्या पाकिटात 'येळवशीला न्यायला येतो' असे लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, आणि लिहिले की जावेच. मी एक वर्ष ऐनवेळी रजा न मिळाल्याने गेलो नाही, आणि आत्यांनी कोणाला काही न सांगता नवी साडी नेसून दुपारपर्यंत ओसरीवर वाट पाहिली, हे मला वहिनींकडून उशिरा कळले. तेव्हापासून रजेचा अर्ज मंजूर झाल्यावरच चिठ्ठी लिहितो.

नववी पायरी: देताना

किमतीची चिठ्ठी काढावी, बिल मात्र जपावे. बदलून मिळण्याची मुदत खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावी, कारण सणाच्या मालावर अनेक दुकानदार ती देत नाहीत. 'कशाला आणलंस रे?' हा पहिला नकार रीतीचा असतो, त्यावर स्पष्टीकरण देत बसू नये. वस्तू देवासमोर ठेवून नमस्कार करावा आणि चहाचा विषय काढावा. मात्र दुसऱ्या दिवशी एकटे गाठून कोणी पुन्हा 'परत ने' म्हणाले, तर तो नकार खरा समजावा आणि खरोखर परत न्यावी. रोख रक्कम द्यायची असेल तर ती ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याच हातात, चारचौघांत न दाखवता द्यावी. घरच्या कर्त्याकडे दिलेले पाकीट खताच्या उधारीत विरघळते.

दहावी पायरी: नंतर पाहा

दिलेली वस्तू वापरात आहे का, हे दोन महिन्यांनी न विचारता पाहावे. माझ्या फोनमध्ये आता प्रत्येक घरासाठी एक नोंद आहे. आत्यांच्या नावापुढे पितळी पातेल्यावर बरोबरची खूण केलेली आहे, ताक पुन्हा त्यातच असते. ओट्यावरचा दिवा समोर आला आहे. चष्मा नवा करून दिला तो पेटीत आहे आणि डोळ्यांवर दोऱ्याचाच आहे. यंदा नवा करण्याऐवजी जुन्याचीच दांडी बदलून द्यायची, असे त्यापुढे लिहून ठेवले आहे.